डावीकडची झीज

पाईप एक

कवळीवाल्याने बावन्न वर्षांत कधी विडीला हात लावला नव्हता. आणि आज तो जेवणाच्या सुट्टीत तंबाखूच्या दुकानात उभा राहून सांगत होता, "एक पाईप द्या. ब्रायरच्या लाकडाचा. साधा, परवडेल असा. पहिलाच आहे."

दुकानदारीणबाईने चष्मा कपाळावर सरकवला. तिच्या एका हातात कानस होती, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी पाईपची सुटी नळी.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठीच."

"तुम्ही ओढत नाही."

"कशावरून?"

"दारातून आत येताना श्वास रोखून धरलात. अजून सोडला नाहीत."

त्याने श्वास सोडला. बाई हसली आणि तिने काचेखालून एक चकचकीत तपकिरी पाईप काढून त्याच्यापुढे ठेवला. मग स्वतःच मागे ओढून घेतला.

"हा सगळ्यात स्वस्त. पण घेऊ नका. दुकान माझं आहे तरी सांगते. ही चमक वार्निशची आहे, तापला की फोड येतात. आणि हे ठिपके बघा. लाकडातली भोकं रंगारी लावतात ती लांबी भरून बुजवली आहेत."

"दातात भरतात तसं."

"दातांचे डॉक्टर का तुम्ही?"

"छे. कवळ्या करतो. डॉक्टर तोंडाच्या आत बघतात, मी बाहेर."

पाईप दोन

दुसरा वाकडा होता, हनुवटीवर रेलणारा. बाईने त्याच्या नळीतून एक केसाळ तार सरकवली. तारेचं टोक आत निघालं, पण वाटीच्या तळाशी नाही. तळापासून चांगलं करंगळीच्या पेराएवढं वर.

"भोक चुकलं. खालची तंबाखू ओलीच राहणार. नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच ओढता येत नाही. हकनाक स्वतःला दोष देत बसतो बिचारा."

कवळीवाल्याला हे पटलं. त्याच्याकडेही अशी माणसं यायची, कवळी टोचते आणि जबडा आपलाच वाईट म्हणणारी. त्यांना तो समजावायचा: सवय होईल, थोडा धीर धरा.

आता तो इथे का आला होता, ते सांगायला हवं. सोमवारी त्याची आई वृद्धाश्रमात जाणार होती. तिला कोणी घालवत नव्हतं. तिने स्वतःच अर्ज आणला, स्वतःच भरला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "सही कर." त्याने विनवण्या केल्या, बायकोने केल्या. आई हूं नाही की चूं नाही. सहा महिन्यांपूर्वी बाबा गेले तेव्हा ती रडली, पण उभी होती. दोन महिने बरी खातपीत होती. त्यानंतर विरघळायला लागली. बोलणं बंद, जेवण चिमणीएवढं. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेली बाई ती. रोजचं वर्तमानपत्रसुद्धा पेन्सिल घेऊन वाचायची, चुका काढल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. आता पेपरची घडीही मोडत नव्हती.

कवळीवाल्याने याचं कारण शोधून काढलं होतं. वास. बाबा पाईप ओढायचे. ते गेल्यावरही दोन महिने घरात तंबाखूचा तो गोडसर वास होता, आणि सगळे म्हणायचे, बघा, अजून पडद्यांत आहेत ते. मग बायकोने पडदे धुतले. वास गेला आणि आई त्याच्यामागोमाग निघाली.

बाबांचा पाईप सापडला असता तर प्रश्नच नव्हता. पण आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "टाकला." तेव्हा त्याला फार लागलं होतं.

"अहो, पाईप ओढून माणूस परत येतो का?" सकाळी बायको म्हणाली.

"माणूस नाही, वास तरी येईल. आई थांबेल."

"म्हणजे पडदे मी धुतले म्हणून हे सगळं झालं. सरळ बोला ना."

पाईप तीन

सरळ, मध्यम वाटीचा, हातात घेतला तर चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा हलका. तार सरकन गेली आणि बरोबर तळाच्या मध्यावर निघाली. वाटीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची. वार्निश नाही.

"पहिला पाईप असा असावा," बाई म्हणाली.

त्याने उलटा करून किमतीची चिठ्ठी बघितली आणि गरम भांडं खाली ठेवावं तसा तो खाली ठेवला.

"परवडणारा म्हणालो होतो."

"मग जुना घ्या. कोणाचा तरी ओढून मुरलेला. मी उकरून, उकळत्या दारूने धुऊन, नळी घासून ठेवते. नव्या स्वस्तापेक्षा जुना चांगला शंभर पटीने बरा."

"दुसऱ्याच्या तोंडातला?"

"कवळ्या करता आणि तोंडाची किळस धरता होय!"

तिने गल्ल्याखालून एक लाकडी ट्रे काढला. त्यात आठ-दहा पाईप कुशीवर झोपले होते. त्याने मधला उचलला, कारण तो बाबांच्या पाईपसारखा दिसत होता: बुटका, गडद, वाटीची कड एका बाजूला काळवंडलेली. नकळत त्याचा अंगठा नळीच्या टोकाकडे गेला. बोटांना सवयच ती. दाताने चावलेली कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी चाव्यावर जायची. त्याने नळी उजेडाकडे धरली आणि

पाईप चार

आणि काही नाही. दुकानात घड्याळ चाललं होतं. बाहेर कोणीतरी सायकल उभी केली.

नळीच्या वरच्या अंगाला एक तिरका खळगा होता. सुळ्याचा. खालच्या अंगाला दुसरा, आणि त्याच्या कडेला नखाच्या कोरीएवढी रेघ. खालच्या पहिल्या उपदाढेचा कोपरा उडालेला असला म्हणजेच

पाईप चार

"दादा, बसा. स्टूल आहे मागे."

तो बसला नाही. हजारो तोंडं त्याच्या हाताखालून गेली होती. लोकांचे चेहरे तो विसरायचा. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर ओळखायचा नाही, पण तो हसला की दात बघून म्हणायचा, अरे, तुम्ही होय! आणि अशी कोपरा उडालेली, आतल्या अंगाला जराशी वळलेली खालची उपदाढ, तिच्यावर एवढा तिरका सुळा, ही जोडी त्याने जन्मात एकदाच पाहिली होती. ती बाबांची नव्हती. बाबांच्या तोंडात शेवटच्या दिवसापर्यंत स्वतःचे बत्तीस दात होते. बाबा दारात अक्रोड फोडायचे दाताने.

"हा कोणी आणून दिला?"

"एक म्हातारी बाई होत्या. साडेतीन-चार महिने झाले असतील. ताठ, बारीक, पांढरे केस. मी म्हटलं, यजमानांचा का? तर म्हणाल्या, 'त्यांचाच म्हणायचा.'"

"म्हणायचा?"

"अगदी असंच. मग मी नळी घासायला घेतली तर म्हणाल्या, 'दातांच्या खुणा जास्त घासू नका हं, तिथेच तो बसतो.' मला नवल वाटलं. नवऱ्याच्या दातांची कुठल्या बायकोला एवढी माहिती असते?"

कवळीवाला पाईप घेऊन रस्त्यावर आला तेव्हा बाई त्याच्यामागे धावली. "अहो दादा, तंबाखूची पुडी! नुसता पाईप चावणार आहात का?"

पाईप चार, लॅबमध्ये

मागच्या फळीवर जुने साचे होते, प्लास्टरचे, एकेका खोक्यात एकेक जबडा. तो कोणाचाही साचा टाकून देत नसे. आईच्या जुन्या कवळीचा साचा वरून तिसऱ्या खोक्यात सापडला. त्याने वरचा आणि खालचा जबडा जुळवून हातात धरला. डावीकडे, सुळा आणि उपदाढ यांच्यामध्ये, लंबगोल फट होती. त्याने त्या फटीत पाईपची नळी सरकवली.

बसला.

हलवून बघितला, तर हललासुद्धा नाही. आणि नवल म्हणजे पाईप तोंडात असताना बाकीचे सगळे दात एकमेकांवर नीट टेकलेले. असा जबडा दिवसभर पाईप धरून ठेवील आणि वर बोलेलही. पांढऱ्या प्लास्टरचा तो बिनडोळ्यांचा, बिनकेसांचा जबडा त्याच्या हातात पाईप ओढत बसला होता, आणि तो त्याच्या आईचा होता.

कार्डांच्या पेटीतून त्याने चार महिन्यांपूर्वीचं कार्ड काढलं. अक्षर त्याचंच.

पेशंट: आई.
वय: एकाहत्तर.
काम: वरची व खालची पूर्ण कवळी, नवीन.
जुन्या कवळीची पाहणी: डावीकडे सुळा व उपदाढ यांमध्ये झीज, वर आणि खाली दोन्हीकडे. एकाच बाजूने चावण्याची वाईट सवय.
दुरुस्ती: झीज काढून टाकली. दात सरळ रेषेत.
पेशंटची तक्रार: काही नाही.

खाली तारीख होती. ती त्याने तीनदा वाचली. त्याच आठवड्यात बायकोने पडदे धुतले होते.

म्हणजे पडद्यांचा काही संबंधच नव्हता. बाबा गेल्यानंतरचे दोन महिने घरात जो वास होता, तो बाबांचा राहिलेला नव्हता. तो रोज ताजा होता. जिन्याखाली, न्हाणीघराच्या खिडकीत, कुठेतरी आई ओढत होती, आणि घरातले सगळे डोळे पुसत एकमेकांना सांगत होते, बघा, अजून आहेत ते. मग त्याने तिचं मन रमावं म्हणून स्वतःच्या हाताने नवे दात केले. सरळ, देखणे. आयुष्यातलं सर्वांत सुबक काम. आणि त्या कामाने

त्याने स्टूल ओढलं आणि या खेपेस बसला.

आठवायला लागला

बाबा खिडकीशी पाईप हातात घेऊन उभे. हातात.

बाबा फोटोत, पाईप छातीशी, पेनासारखा धरलेला.

पाहुणे म्हणायचे, "मास्तर, पेटवा की," आणि बाबा म्हणायचे, "आत्ताच झाला."

बाबांच्या तोंडातून धूर आलेला कधी बघितला? कधी? एकदा तरी?

एकदा. तो सात-आठ वर्षांचा असेल. बाबा इतके खोकले की शेजारी पाणी घेऊन आले.

पाईप चार, घरी

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर पेपर, घडी न मोडलेला. दुपारचे तीन वाजले होते; या वेळेला तो कधी घरी येत नसे, तरी तिने का म्हणून विचारलं नाही. त्याने पाईप पेपरवर ठेवला.

"तुझ्या बाबांचा," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"आई, बाबांचे बत्तीस दात होते."

"मग?"

"या नळीवरच्या खुणा कवळीच्या आहेत. डावा सुळा आणि कोपरा उडालेली उपदाढ. मी साच्याला लावून बघितलं."

आईने वर बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिचे डोळे पुरते उघडले होते.

"माझ्या दातांचा साचा ठेवून घेतलास तू?"

"सगळ्यांचेच ठेवतो."

"शी! सांगायचं तरी."

"मी सांगायचं? आई, तू पाईप ओढतेस!"

"ओढत होते," ती म्हणाली.

त्याला वाटलं ती रडेल, किंवा उठून जाईल, किंवा तोच रडेल. आईने पदर तोंडाशी नेला, मान जराशी वळवली, वरची आणि खालची कवळी काढली आणि पाईपशेजारी पेपरवर ठेवली. दात नसलेल्या तोंडाने म्हणाली,

"मग हे आधी नीट कर."

आई, दातांशिवाय

तातडीच्या कामासाठी घरच्या गॅलरीत त्याचं छोटं घासायचं यंत्र असे. ते घूं करत होतं, आणि खुर्ची टाकून बसलेली आई यंत्राच्या वर आवाज चढवून बोलत होती. शब्द फुसफुसत होते. पण चार महिन्यांचं साठलेलं, ते काही थांबत नव्हतं.

"तुझ्या बाबांना शाळेत बढती मिळाली ना, तेव्हा घेतला. चित्रकलेचे मास्तर म्हणजे पाईप हवाच, असं कुणीतरी डोक्यात भरवलं. स्वस्तातला बघून घेतला, पहिलाच म्हणून. दोन झुरके मारले आणि मोरीत जाऊन ओकले. चांगला पाईप फुकट जाणार. मी म्हटलं, बघू तरी. मला घरी मुद्रितं तपासायला यायची. एका हाताचं बोट मूळ प्रतीवर, दुसऱ्या हातात पेन्सिल. सिगारेट ओढायची तर तिसरा हात कुठून आणू? हा आपला दातात राहतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"आणि बाबा?"

"ते धरायचे. बेल वाजली की माझ्या तोंडातून यांच्या हातात. कधी चुकले नाहीत. एकदा तुझे आजोबा आले तर पेटताच खिशात घातला, मांडी भाजली. खोल घास जरा, वरवर काय घासतोस?"

"मला का नाही सांगितलं?"

"तू लहानपणी सगळ्या गावाला सगळं सांगायचास."

"आई, मी बावन्न वर्षांचा आहे!"

"राहूनच गेलं."

यंत्र थांबलं. त्याने फुंकर मारली. गुलाबी-पांढरी पूड उडाली. इतक्या सुबक दातांत खड्डा पाडताना त्याची बोटं आखडत होती.

"विकलास का मग?"

"तुझ्या त्या दातांत धरला की उजवीकडून अख्खी कवळी उचलायची. एकदा तर पाईप आणि वरचे दात दोन्ही बादलीत. हाताने धरून ओढायचा म्हणजे मग माणसाने दुसरं काही करायचंच नाही का? तीन दिवस प्रयत्न केला. म्हटलं, हेही गेले, आता ओढणंही गेलं."

"मला सांगायचं होतंस. दात बरोबर नाहीत एवढं तरी."

आईने मांडीवरची पूड झटकली.

"काय सांगणार? तू आरसा घेऊन समोर बसला होतास. एवढा खूश मी तुला बाबा गेल्यापासून बघितला नव्हता."

त्याने पुन्हा यंत्र सुरू केलं, कारण काहीतरी करायला हवं होतं.

पहिल्या खेपेला पाईप डुगडुगला. दुसऱ्या खेपेला खालून घट्ट, वरून सैल. "अजून," आई म्हणाली. तिसऱ्या खेपेला तिने कवळी बसवली, पाईप डावीकडे सरकवला, दात मिटले आणि दोन्ही हात वर करून दाखवले. पाईप जागचा हलला नाही. ती उठून आत गेली. तो मागोमाग आला तेव्हा ती त्याने आणलेल्या पुडीतली तंबाखू दोन बोटांनी दाबत होती, आधी अर्धीच वाटी भरून, आणि मग तिने सराईतपणे काडी ओढली. धूर वर गेला. मग तिने पेपरची घडी मोडली आणि पेन्सिल शोधली.

"पहिल्याच पानावर तीन," ती पाईपच्या बाजूने म्हणाली. शब्द स्वच्छ होता. "लाज नाही लोकांना."

तो वास. बाबांचा. त्याला अजून बाबांचाच वाटत होता, नाकाला कोणी सांगावं?

"आई, मग बाबांच्या अंगाला कसला वास यायचा?"

तिने जरा विचार केला. "खोडरबराचा. जवळ गेलं तरच."

त्याने आठवून बघितलं. काही आठवलं नाही. तो कधी तेवढा जवळ गेला नव्हता, किंवा गेला तेव्हा हाच वास मध्ये होता.

दाराचं कुलूप वाजलं. बायको बाजाराची पिशवी घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. डोळे मिटून तिने खोल श्वास घेतला.

"अगं बाई... बाबा आले का हो?" मग तिने डोळे उघडले आणि समोर सासू दिसली, दातात पाईप, हातात पेन्सिल. पिशवी तशीच हातात घेऊन ती चपलांसकट जवळच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "म्हणजे मी पडदे धुतले म्हणून नव्हे तर?"

"पडदे धुवायला झालेच होते," आई म्हणाली. "मीच सांगणार होते."

"आई, पण... तुम्ही? केव्हापासून?"

"हा इयत्ता पहिलीत नव्हता तेव्हापासून."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. त्याने नुसते हात वर केले.

टेबलावर पेपरच्या खाली तो अर्ज होता, सहीविना, एक कोपरा बाहेर डोकावणारा. कवळीवाल्याने तो बाहेर ओढला. उद्या शनिवार, परवा रविवार.

"आणि सोमवारचं?" त्याने विचारलं. उत्तर ऐकायची त्याला भीती वाटत होती. आज ऐकलेल्या प्रत्येक उत्तराने त्याच्या पायाखालची एकेक फरशी काढून नेली होती.

"पाईप सुटलाच आहे तर कुठेही बसलं तरी सारखंच, म्हणून अर्ज आणला होता," आई म्हणाली. "इथे प्रत्येक खोलीत त्याची जागा दिसायची. तिथे दिसणार नाही, एवढंच."

"आता?"

"तिथे पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी. ओढायला सक्त मनाई आहे. अंगणातसुद्धा." तिने त्याच्या हातातून अर्ज घेतला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, पेन्सिलीने एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि परत दिला. "फोन कर त्यांना."

त्याने लावला. पलीकडून एका माणसाने नाव विचारलं, खोली सांगितली, ती खोली आता दुसऱ्याला द्यावी लागेल असं बजावलं, आणि वहीत लिहायला कारण मागितलं. कवळीवाल्याने फोनवर हात ठेवला.

"कारण विचारतायत. काय सांगू?"

आईने पाईप तोंडातून काढला.

"सांग," ती म्हणाली, "म्हातारीला दात आलेत."